जनरल ग्रँट : कसाई की कसलेला सेनापती?

दूरदेशी

मंडळी,

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत डॅलसहून गाडी हाकत व्हिक्सबर्गला जाऊन आलो. साडेपाच तासांचा रस्ता, मागच्या सीटवर दोन कंटाळलेली पोरं. मिसिसिपी नदीच्या वळणावर उंच कड्यावर वसलेलं गाव आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात (उत्तर विरुद्ध दक्षिण) १८६३ साली इथे ४७ दिवस वेढा पडला होता. गावकरी मातीच्या टेकड्यांत गुहा खणून राहिले, शेवटी शेवटी खेचराचं मांस खाल्लं. ४ जुलैला गाव पडलं आणि दक्षिणेचे एकोणतीस हजारांवर सैनिक शरण आले. वेढा घालणारा होता युलिसिस ग्रँट.

दुपारी जेवायला थांबलो तिथे शेजारच्या टेबलावर एक स्थानिक आजोबा होते. मी कौतुकाने ग्रँटचं नाव काढलं. म्हणाले, "तो? तो कसाई होता." एवढं बोलून शांतपणे ताटातल्या कॅटफिशकडे वळले.

परतीच्या वाटेवर डोक्यात तेच घोळत होतं. कारण या माणसाचं आयुष्य बघा. जन्म २७ एप्रिल १८२२, ओहायोतलं पॉइंट प्लेझंट. बाप चामडं कमावणारा. पोराला रक्ताचा इतका तिटकारा की जन्मभर मांस पार करपेपर्यंत भाजूनच खायचा. वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत बापाने ढकललं म्हणून गेला. १८४३ साली ३९ जणांत २१वा आला, घोडेस्वारीत मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मेक्सिकोच्या युद्धात नाव कमावलं. मग कॅलिफोर्नियातल्या एका ओसाड ठाण्यावर नेमणूक, बायकापोरं हजारो मैल दूर, दारूच्या वावड्या, आणि १८५४ मध्ये राजीनामा.

पुढची सात वर्षं नुसती फरपट. सेंट लुईसजवळ शेती केली. स्वतः ओंडके रचून बांधलेल्या घराला नाव दिलं 'हार्डस्क्रॅबल', म्हणजे आपल्याकडच्या बोलीत 'पोटाला चिमटा'. शेती बुडाली. शहरात रस्त्यावर उभं राहून सरपण विकलं. १८५७ च्या नाताळात सोन्याचं घड्याळ २२ डॉलरला गहाण पडलं. भाडेवसुलीच्या धंद्यात भाडंच वसूल करता येईना. शेवटी १८६० मध्ये इलिनॉयमधल्या गलीनाला बापाच्या चामड्याच्या दुकानात, धाकट्या भावांच्या बरोबरीने गल्ल्यामागे उभा. वय ३८.

चार वर्षांनी हाच माणूस अमेरिकेच्या सगळ्या फौजांचा सरसेनापती. आणखी पाच वर्षांनी राष्ट्राध्यक्ष.

तर प्रश्न दोन. 'कसाई' हे बिरुद न्याय्य आहे का? आणि जो माणूस सरपण धड विकू शकला नाही, त्याला लाखाची फौज कशी चालवता आली?

चहाबाज

पहिला!

ग्रँट रोड स्टेशन यांच्याच नावाचं का? निम्मं बालपण तिथल्या फलाटावर गेलंय, आदर वाढेल.

गिरगावकर

नाही हो चहाबाज. ग्रँट रोडचा ग्रँट म्हणजे सर रॉबर्ट ग्रँट, १८३५ ते १८३८ मुंबईचा गव्हर्नर. पुण्याजवळ दापोडीला वारला. ग्रँट मेडिकल कॉलेजही त्याच्याच नावाचं. तो मुंबईचा गव्हर्नर झाला तेव्हा हा अमेरिकेतला ग्रँट बारा-तेरा वर्षांचा होता आणि बापाचे घोडे फिरवत होता.

ढापण्या

एक खुसपट. त्याचं खरं नाव हायरम युलिसिस ग्रँट. वेस्ट पॉइंटसाठी शिफारस करणाऱ्या खासदाराने चुकून 'युलिसिस एस. ग्रँट' लिहिलं आणि तेच चिकटलं. त्या 'एस'चा अर्थ काहीच नाही. चुकीला त्यानेही फार विरोध केला नाही, कारण हायरम युलिसिस ग्रँटची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की 'हग' होतं आणि पोरं चिडवतील ही त्याला धास्ती. इंग्रजीत त्याचा अर्थ मिठी.

चहाबाज

मराठी शाळेत असता तर सैन्यात जायच्या आधीच शहीद झाला असता.

तोफखाना

धागा आवडला. मी निवृत्त फौजी, तेव्हा दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

लोक ग्रँटकडे बघताना हे विसरतात की मेक्सिकोच्या युद्धात (१८४६-४८) तो आपल्या पलटणीचा क्वार्टरमास्टर होता. तंबू, पीठ, खेचरं, नाल, दोरखंड. त्याला ते काम नकोच होतं, तक्रार केली, कोणी ऐकलं नाही. पण फौज पोटावर चालते हे वर्गात बसून कळत नाही, ते अडलेल्या खेचराच्या मागे उभं राहून कळतं. याउपर संधी मिळाली की लढाईतही घुसायचाच. मेक्सिको शहराच्या वेशीवर त्याने एक छोटी तोफ सुटी करून चर्चच्या घंटाघरात चढवली आणि तिथून मारा केला.

आता व्हिक्सबर्ग. दूरदेशी, तुम्ही तो कडा पाहिलात, म्हणजे समोरून चढणं अशक्य हे तुम्हाला कळलं असेल. १८६२-६३ चा सगळा हिवाळा ग्रँट धडपडत होता. कालवे खणून पाहिले, दलदलीतून वाटा शोधल्या, सगळं फसलं. मग एप्रिलमध्ये त्याने काय केलं? फौज नदीच्या पश्चिमेकडून खाली उतरवली. अॅडमिरल पोर्टरची जहाजं १६ एप्रिलच्या रात्री व्हिक्सबर्गच्या तोफांच्या तोंडासमोरून खाली नेली. ३० एप्रिलला ब्रुइन्सबर्गला फौज नदीपार केली. आता मागे नदी, पुढे शत्रू, आणि रसदेचा रस्ता जवळजवळ नाही. मिळतील त्या गाड्या, अगदी जमीनदारांच्या नक्षीदार बग्ग्यासुद्धा, दारूगोळ्याने भरल्या आणि बाकी पोटाला मुलखातून काढलं. आपल्या भाषेत याला एकच शब्द आहे : मुलूखगिरी. सतरा दिवसांत पाच लढाया जिंकल्या. पूर्वेला जॅक्सन घेऊन मदतीची वाट तोडली आणि मग वळून व्हिक्सबर्गला कोंडलं. दोन शत्रुफौजा एकत्र येऊच दिल्या नाहीत.

आणि या सगळ्या मोहिमेत त्याची मेलेली, जखमी, हरवलेली माणसं मिळून दहा हजारांच्या आसपास. बदल्यात एक अख्खी फौज कैद आणि मिसिसिपी नदी मोकळी. याला कसाई म्हणत नाहीत.

पेठेतला पेशवा

तोफखाना, वर्णन झकास. पण तुम्ही सोयीची लढाई निवडलीत.

१८६४ चं बोला. मे महिन्याच्या सुरुवातीला विल्डरनेस, मग स्पॉट्सिल्व्हेनिया, मग कोल्ड हार्बर. सहा आठवड्यांत उत्तरेची सुमारे ५५ हजार माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. म्हणजे समोर दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली, त्याची जेवढी फौज होती, जवळपास तेवढी याने आपली खर्ची घातली. दुप्पट माणसं, अमाप माल, रेल्वे, आरमार, कारखाने. एवढं हाताशी असल्यावर आमच्या गणेश मंडळाचा अध्यक्षसुद्धा जिंकला असता.

सेनापती खरा ली. अपुऱ्या फौजेवर तीन वर्षं टिकला.

न्यूयॉर्क लोकल

पेशवे, मग तीच दुप्पट माणसं आणि तोच अमाप माल हाताशी असून ग्रँटच्या आधीचे का हरले? मॅक्लेलन, बर्नसाइड, हूकर. तुमच्या मंडळाचे तीन माजी अध्यक्ष म्हणू त्यांना.

पेठेतला पेशवा

ते गाढव होते म्हणून हा घोडा ठरत नाही.

चहाबाज

खिक्क. धागा शंभरी गाठणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तोफखाना

पेशवे, मुद्दा ग्राह्य, पण अर्धाच.

विल्डरनेसचं जंगल आठवा. दोन दिवस झाडीत आंधळी लढाई झाली, वणवा पेटला, जखमी माणसं जागेवर जळाली. उत्तरेचे सतरा हजारांच्या वर गारद. आधीच्या प्रत्येक सेनापतीने अशा तडाख्यानंतर फौज मागे, उत्तरेला नेली होती. ७ मेच्या रात्री फौज चालू लागली आणि एका तिठ्यावर आली. डावीकडे वळली असती तर परतीची वाट होती. ग्रँटने घोडा दक्षिणेला वळवला. कालच मार खाल्लेले सैनिक ते बघून अंधारात ओरडायला लागले, टोप्या उडवायला लागले. आकड्यांच्या तक्त्यात ही गोष्ट सापडत नाही, पण युद्ध तिथे फिरलं.

प्रमाण काढा. ग्रँटकडे सुमारे १ लाख २० हजार, लीकडे सुमारे ६५ हजार. त्या सहा आठवड्यांत लीचेही तीस हजारांवर गेले. टक्केवारीत ली काटकसरी ठरत नाही. गेटिसबर्गला ३ जुलै १८६३ रोजी साडेबारा हजार माणसं उघड्या मैलभर माळावरून तोफांसमोर चालवली, निम्म्याहून जास्त पडली. त्याला मात्र कसाई कोणी म्हणत नाही. त्याचा पुतळा उभारतात.

ढापण्या

उभारत होते. रिचमंडमधला लीचा मोठा पुतळा २०२१ मध्ये काढला.

मुक्ता के

लष्करी आकडेमोडीत मला गती नाही, पण कोल्ड हार्बरबद्दल तोफखाना काका सहज पुढे सरकले असं वाटलं, म्हणून लिहिते.

३ जून १८६४ चा सकाळचा हल्ला. खंदकांत पक्क्या बसलेल्या शत्रूवर सरळ चाल. काही हजार माणसं तासाभरात कोसळली. आदल्या रात्री कित्येक सैनिकांनी आपली नावं कागदावर लिहून कोटाच्या पाठीला टाचली होती, म्हणजे प्रेत ओळखता येईल, असं ग्रँटच्या सोबतच्या अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय. पण मला त्याहून भयंकर वाटतं ते पुढचं. जखमी माणसं दोन्ही खंदकांच्या मधे उन्हात पडलेली. त्यांना उचलायला रीतसर तह हवा, आणि तह मागणं म्हणजे हार कबूल करणं. म्हणून ग्रँट आणि ली यांची पत्रं शब्दांवर घासाघीस करत राहिली. माणसं उचलायला परवानगी मिळाली तेव्हा ७ जून उजाडला होता. जिवंत सापडले ते मोजके.

स्वतः ग्रँटने शेवटी लिहिलंय की कोल्ड हार्बरच्या त्या अखेरच्या हल्ल्याची आपल्याला कायम खंत वाटत आली. तेव्हा कसाई नसेल, पण त्या चार दिवसांचं ओझं त्याच्याच नावावर आहे. आणि अर्धं लीच्या.

तोफखाना

मुक्ताताई, मान्य. सरकलो खरा.

बाबूराव बेधडक

सगळं ठीक, पण तो बेवडा होता ना? लिंकन म्हणाला होता म्हणे, तो कुठली व्हिस्की पितो सांगा, बाकीच्या जनरलांनाही एकेक पिंप पाठवतो. :))

ढापण्या

तो किस्सा लिंकनच्या नावावर खपवलेला आहे. तसाच विनोद आधी इंग्लंडच्या राजाबद्दल सांगायचे.

न्यूयॉर्क लोकल

दारू प्यायचा हे खरं आणि थोडक्यात चढायची हेही खरं. म्हणून त्याचा चीफ ऑफ स्टाफ रॉलिन्स सासूसारखा पहारा ठेवायचा. पण पडून राहिला म्हणून लढाई हातची गेली असं एकदाही झालेलं नाही. एकटेपणाची दारू होती ती. बायको ज्युलिया छावणीत आली की बाटली बंद.

व्यसन म्हणाल तर चिरूट. फेब्रुवारी १८६२ मध्ये फोर्ट डोनेल्सन घेतल्यावर वर्तमानपत्रांत छापून आलं की जनरल तोंडात चिरूट धरून लढाई बघत होते. लोकांनी प्रेमाने चिरुटांच्या पेट्या धाडल्या, म्हणे दहा हजार चिरूट जमले. त्याआधी पाइप ओढायचा, तेही बेताने. फुकट आलेले टाकवेनात.

डोनेल्सनचा अजून एक किस्सा. १८५४ मध्ये राजीनामा देऊन परतताना ग्रँट न्यूयॉर्कमध्ये खिसा रिकामा होऊन अडकला. हॉटेलचं बिल कोणी भागवलं? वेस्ट पॉइंटचा दोस्त सायमन बकनर. आठ वर्षांनी डोनेल्सनचा किल्ला शरण द्यायची पाळी आली ती याच बकनरवर. त्याने दोस्तीच्या भरवशावर अटी विचारल्या. ग्रँटने उलट टपाली कळवलं, बिनशर्त शरणागती, दुसरं काही नाही. किल्ला ताब्यात घेतल्यावर मात्र बाजूला नेऊन स्वतःचं पैशाचं पाकीट त्याच्यापुढे केलं.

पेठेतला पेशवा

हा किस्सा बाकी आवडला. आमच्याकडे असते तर बिलाची पावती मागितली असती.

खामगावची सरकी

राजेहो, तुम्ही लोकं तोफा मोजून राह्यले, पण हे युद्ध कशावर चाललं त्याचं कोणी नाव नाही घेतलं. कापूस!

लिंकननं १८६१ मधे दक्षिणेची बंदरं अडवली. मँचेस्टरच्या गिरण्यांत माल जाईना. मग त्यांना आमची आठवण आली. आमच्या वऱ्हाडचा, खानदेशचा, गुजरातचा आखूड धाग्याचा कापूस. सगळ्याला एकच नाव 'सुरत', आणि तिकडचे कामगार त्याला शिव्या घालत, कारण सूत तुटे. पण दुसरा होता कुठं? भाव असा चढला की गाडीच्या चाकाला लोखंडाऐवजी चांदीची धाव बसवल्याच्या गोष्टी आमच्याकडे अजून सांगतात. मुंबईत तर पैशाचा पूर. रोज नवी कंपनी, समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर, प्रेमचंद रायचंद म्हणजे बाजाराचा राजा.

आणि ९ एप्रिल १८६५ ले तिकडे ली ग्रँटपुढे शरण गेला. बातमी इकडे आली अन् कापूस गडगडला. १ जुलैले वायद्यांचा हिशोब व्हायचा होता, त्या दिवशी अर्धी मुंबई दिवाळखोर. पुढं बँक ऑफ बाँबेपण बुडाली. आमच्या शेतकऱ्यावर वाढीव भावाच्या जोरावर काढलेलं कर्ज तसंच राह्यलं. सावकार काही शरण नाही गेला.

म्हणून सांगतो, ग्रँट आमच्यासाठी कसाई पण नाही अन् महापुरुष पण नाही. भाव पाडणारा माणूस आहे.

गिरगावकर

सरकीभाऊ, दंडवत.

यात माझी एक भर. राष्ट्राध्यक्षपद संपल्यावर ग्रँट १८७७ मध्ये जगप्रवासाला निघाला आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये खरोखर मुंबईला आला होता. मलबार पॉइंटला, म्हणजे आजच्या राजभवनाच्या जागी, गव्हर्नर रिचर्ड टेंपलचा पाहुणा म्हणून उतरला. तिथून पुढे आग्रा, दिल्ली, बनारस, कलकत्ता. राजाबाई टॉवर तेव्हा नुकताच, १८७८ मध्ये, पुरा झाला होता. प्रेमचंद रायचंदने तेजीच्या दिवसांत दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला, आईच्या नावाचा. ज्या युद्धाने तो पैसा आला आणि ज्याने ते युद्ध संपवून तो पैसा घालवला, तो माणूस त्या शहरात पाहुणचार घेत होता. त्याला हे कोणी सांगितलं असेल की नाही कोण जाणे.

नवखा प्रवासी

छान माहिती. म्हणजे मुंबईला आले होते म्हणून ग्रँट रोड नाव पडलं तर!

चहाबाज

गिरगावकर, सांभाळा स्वतःला.

मुक्ता के

कापसाचा विषय निघालाच आहे, तर ग्रँटच्या कारकिर्दीतला सर्वात काळा कागद याच कापसापायी निघाला. डिसेंबर १८६२. व्हिक्सबर्गच्या तयारीत असताना त्याच्या छावणीभोवती कापसाच्या चोरट्या व्यापाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. व्यापारी सगळ्या जातीधर्मांचे होते. पण १७ डिसेंबरला त्याने जनरल ऑर्डर नंबर ११ काढली : आपल्या अखत्यारीतल्या मुलखातून सगळे ज्यू चोवीस तासांत बाहेर. व्यापारीच नव्हे, बायकामुलांसकट सरसकट. केंटकीतल्या पडूका गावातून कुटुंबं खरोखर हाकलली गेली. तिथला सीझर कास्केल थेट वॉशिंग्टनला जाऊन लिंकनला भेटला आणि लिंकनने हुकूम रद्द करायला लावला.

चूक त्याने पुढे मान्य केली. राष्ट्राध्यक्ष म्हणून ज्यूंना सरकारी पदांवर नेमलं. १८७६ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका सिनेगॉगच्या उद्घाटनाला जाऊन पूर्ण वेळ बसला. पण हुकूम निघाला तो निघाला.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी फक्त खोट काढायला येते असं वाटेल. सासरा गुलाम बाळगणारा. ग्रँटच्या स्वतःच्या नावावरही विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम होता. १८५९ मध्ये, घरात पैशाची चणचण असताना, विकला असता तर चांगली रक्कम आली असती, तेव्हा त्याने त्याला कोर्टात जाऊन मुक्त केलं. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १८७० मध्ये पंधरावी घटनादुरुस्ती आली, काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला. कू क्लक्स क्लान ही गोऱ्यांची गुप्त टोळी काळ्या लोकांना झोडपत, जाळत सुटली, तर १८७१ मध्ये कायदा करून साउथ कॅरोलायनात लष्कर घातलं, शेकडो पकडले.

आणि १८७३ मध्ये, ग्रँट गादीवर असतानाच, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सद्गृहस्थांना ते पुस्तक अर्पण केलंय. अर्पणपत्रिकेत कुणा सेनापतीचं नाव नाही. पण ज्या कामाला जोतीरावांनी हात जोडले, ते काम निम्मं रणांगणावर झालं होतं. सरकीभाऊ, मुंबईच्या बाजाराला जे नुकसान वाटलं त्याच घटनेकडे पुण्यात एक माणूस असं बघत होता.

खामगावची सरकी

ताई, हे पटलं. दोन्ही खरं आहे.

बाबूराव बेधडक

पण राष्ट्राध्यक्ष म्हणून तर घोटाळेच घोटाळे ना? व्हिस्की रिंग वगैरे. परत व्हिस्की!

पेठेतला पेशवा

बाबूरावांनी पहिल्यांदाच मुद्द्याचं विचारलं. हो, दारूवरचा कर बुडवणारी टोळी होती आणि धागेदोरे त्याच्या खाजगी चिटणीसापर्यंत गेले. स्वतः पैसे खाल्ल्याचा आरोप टिकला नाही. माणूस सरळ, गोतावळा बेरकी. रणांगणावर माणसं अचूक हेरणारा (शर्मन, शेरिडन ही त्याचीच निवड) गाद्यागिरद्यांवर बसलेल्या माणसांपुढे भाबडा व्हायचा.

म्हातारपणी तर कहर. फर्डिनंड वॉर्ड नावाच्या तरुणाबरोबर वॉल स्ट्रीटवर पेढी, नाव 'ग्रँट अँड वॉर्ड'. एकाचे पैसे घेऊन दुसऱ्याला व्याज, आपल्याकडच्या दामदुप्पटवाल्यांचा खापरपणजोबा. शेवटच्या आठवड्यात वॉर्डच्या सांगण्यावरून ग्रँट जाऊन व्हँडरबिल्टकडून दीड लाख डॉलर उसने घेऊन आला. मे १८८४ मध्ये पेढी बुडाली, वॉर्ड पळाला. कर्ज फेडायला तलवारी, पदकं, मानपत्रं सगळं व्हँडरबिल्टच्या हवाली केलं. आमच्या घरात एका पतपेढीत आजीची पुंजी अशीच गेली, त्यामुळे इथे मला हसू येत नाही.

न्यूयॉर्क लोकल

आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात पीच खाताना घशात कळ आली. घशाचा कॅन्सर. ते फुकटचे चिरूट.

बायकोसाठी मागे काही उरावं म्हणून लिहायला बसला. एक मासिक लेखांचे चिल्लर पैसे देत होतं. प्रकाशनात उतरलेला लेखक मार्क ट्वेन शेजाऱ्यासारखा घरी येऊन म्हणाला, पुस्तक मला द्या, नफ्याचे सत्तर टक्के तुमचे. मग वर्षभर शर्यत. गिळता येईना, आवाज गेला, कोकेनचं पाणी घशाला लावून लिहायचा, चिठ्ठ्यांवर बोलायचा. जुलै १८८५ मध्ये न्यूयॉर्कच्या उत्तरेला माउंट मॅकग्रेगरवर शाल पांघरून व्हरांड्यात बसून शेवटची पानं पुरी केली. २३ जुलैला गेला. दोन खंड. ज्युलियाला साडेचार लाख डॉलरच्या आसपास मिळाले.

पुस्तक वाचलंय. त्यात कुठे डोळ्यांत पाणी आणायचा प्रयत्न नाही. मेक्सिकोच्या युद्धाबद्दल, ज्यात त्याला बढत्या मिळाल्या, सरळ लिहितो की बलाढ्य देशाने दुबळ्यावर लादलेलं इतकं अन्यायी युद्ध क्वचितच झालं असेल.

अंत्ययात्रेत शवपेटीच्या मानकऱ्यांत शर्मन, शेरिडन होते आणि दक्षिणेचे दोन जनरलही. त्यातला एक बकनर. हॉटेलच्या बिलवाला.

मी राहतो तिथून त्याची समाधी बसने वीस मिनिटांवर. रिव्हरसाइड ड्राइव्हवर, हडसनच्या काठी. न्यूयॉर्क भरून पर्यटक असतात, इथे मात्र दुपारी मी आणि कबुतरं.

ढापण्या

ग्रँटच्या समाधीत कोण पुरलंय, हे अमेरिकन लोकांचं आवडतं कोडं. उत्तर : कोणीच नाही. नवरा-बायकोच्या दगडी पेट्या जमिनीच्या वर ठेवलेल्या आहेत.

चहाबाज

ढापण्या, तुमच्या लग्नात अंतरपाट धरणाऱ्यालाही दुरुस्त केलं असेल तुम्ही.

ढापण्या

उलटा धरला होता.

दूरदेशी

चार दिवस ऑफिसच्या कामात अडकलो आणि इकडे केवढा खजिना साठला. सगळ्यांचे आभार.

माझ्या दोन प्रश्नांबद्दल. मुक्ता के यांनी कोल्ड हार्बरचं लिहिलं ते वाचल्यावर त्या आजोबांना मनातल्या मनात जे उत्तर देत होतो, ते गिळलं. त्यांच्या गावाने तर वेढाच सोसला होता. तरी मला वाटतं शब्द चुकीचा आहे. ली शरण आला तेव्हा अॅपोमॅटॉक्स गावी मॅकलीनच्या घरात तो नवाकोरा गणवेश आणि तलवार लावून बसलेला, आणि हा साध्या शिपायाच्या कोटावर खांद्याची पट्टी टाचून, बुटांना चिखल, तसाच आला. अटी काय घातल्या? घरी जा, पुन्हा लढू नका. अधिकाऱ्यांची हत्यारं आणि घोडे त्यांच्याकडेच. ली म्हणाला, आमच्या साध्या सैनिकांचेही घोडे स्वतःचे असतात. ग्रँटने सांगितलं, नेऊ द्या, नांगरटीला लागतील. उपाशी फौजेसाठी पंचवीस हजार शिधे पाठवले. आपल्या तोफा आनंदाने सलामी द्यायला लागल्या तर बंद करायला लावल्या. पोटाला चिमटा घेऊन शेती केलेल्या माणसाला नांगराचा घोडा कळला, असं मला वाटतं. पेशवे म्हणतात तसा अध्यक्ष जिंकला असता कदाचित, पण घोडे परत दिले असते का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोफखाना काकांच्या खेचरात मिळालं.

पेठेतला पेशवा

घोड्यांचा मुद्दा मान्य. ली तरीही श्रेष्ठ.

तोफखाना

पेशवे, पुढच्या कट्ट्याला मिसळ माझ्याकडून. तिथे बघू.

गिरगावकर

सरकीभाऊ, एक विनंती. वऱ्हाडातला कापूस आणि अमेरिकेचं युद्ध यावर स्वतंत्र धागा काढा. तुमच्याकडे तेव्हापासूनच्या घरच्या गोष्टी असतील, इथे प्रतिसादांत हरवून जातील.

खामगावची सरकी

काढतो न भाऊ. पण आत्ता दुसरी वेचणी सुरू आहे, मजूर भेटून नाही राह्यले. संक्रांतीनंतर लिहितो.